कुरूप नव्हे

डॉक्टर म्हणाल्या, बनियन.
मागच्या खुर्चीवरून आमचे हे दचकले, "माझा?"
बाकावरची बाई हसली, मीही हसले.
उजवा अंगठा तेवढा हसला नाही.
तो गेली सहा वर्षं शेजारच्या बोटाकडे सरकतोय,
पीएमटीत दोघांच्या बाकावर
तिसरा बसतो ना, जरा सरका म्हणत,
तसा.
आणि सांध्याच्या आतल्या कडेला
सुपारीएवढं हाड.

लोक विचारतात, कुरूप का?
कुरूप नव्हे हो.
कुरूपाला पट्टी मिळते, ते निघतं.
हे निघायचं नाही. ही मीच आहे,
जराशी वळलेली.

जोडवी कापली रविवार पेठेत.
सोनार बारीक करवत हातात धरून थांबला,
मान वर न करता म्हणाला, "यजमान...?"
"आहेत. स्कूटरला जागा शोधतायत."
मग त्याचा हात चालला.
मोडीचे पैसे आले त्यात थोडी भर घालून
पाच बोटांच्या मोज्यांचा एक जोड घेतला.
वाळत घातला की खालच्या सबनीसबाई विचारतात,
हातमोजे? एप्रिलमध्ये?

रोज रात्री बातम्या चालू असताना
फरशीवर पंचा पसरते, बोटांनी गोळा करते.
वीसदा. मग गोट्या उचलून वाटीत.
मग अंगठ्याला सांगते, बाहेर हो,
एकटा, बाकीच्यांना न हलवता.
हुकूम निघतो. पोचत नाही.
एकतीस वर्षं पोस्टात काढली आहेत,
न पोचलेल्याचं मला नवल नाही.
पत्ता नीट लिहून पुन्हा पाठवते.

"कापता येईल," डॉक्टर म्हणाल्या,
कागदावर हाड काढून त्यावर तिरकी रेघ मारली.
काही महिने धावणं बंद.
"आणि नाही कापलं तर?"
"तर असंच. सांभाळून."
असंच हा शब्द मी घडी घालून
पर्समध्ये ठेवला, पावतीसारखा.

कर्वे रस्त्यावरच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
लेडीजमध्ये एवढं रुंद नाही येत, काकू.
म्हणून पुरुषांचे घेतले, राखाडी.
तरी टोचायचे.
नळ स्टॉपच्या कोपऱ्यावर इराप्पा बसतो.
त्यानं माझं पाऊल खोक्यावर ठेवून घेतलं,
हाडाभोवती खडूनं गोल काढला,
पाच हजारांच्या नव्याकोऱ्या बुटाला
कात्री लावली. मी डोळे मिटले.
"हाड काय ऐकत नाही, बाई," तो म्हणाला,
"बुटालाच समजावून सांगायचं."

साडेपाचला वेताळ टेकडी.
नाडी एक भोक सोडून ओवलेली,
अंगठ्याच्या बेचक्यात सिलिकॉनचा तुकडा,
भांडणाऱ्या दोघांत बसवलेल्या तिसऱ्यासारखा गप्प.
चढ सोपा. उतारावर अंगठा पुढे आपटतो,
म्हणून उतरते खेकड्याच्या चालीनं,
कॉलेजची पोरं बाजूनं सुसाट जातात, जावोत.
दुखण्याचे आवाज आता ओळखू येतात.
कुरकुरलं तर घेऊन जाते बरोबर.
ओरडलं की चालायला लागते,
मग घड्याळात काहीही असो.

खाणीच्या कडेला मोर असतो.
पाय बघून रडतो म्हणे.
इतक्या सकाळी पाहिलाय, कधी रडला नाही.
पायांनी माती उकरत होता,
किडे चांगले होते बहुतेक.

आज आठ झाले. नवव्याला ओरडलं.
बाकीचं चालत आले, दूध घेऊन.

बूट दाराबाहेर काढून ठेवले आहेत.
उजव्याच्या भोकातून लादी दिसते.
वरच्या मजल्यावरचा ओजस
त्यात करंगळी घालून बघतो,
"काकू, इथून कोण बाहेर येतं?"